माळावर स्टायलो पेरताय? आधी मुळांचं बघा

माळरानावर स्टायलो, म्हणजे गुरांसाठीचा शेंगवर्गीय चारा, पेरणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. उगवलं, पण वाढलं नाही. गणपती आले तरी रोप चार बोटांचंच, पानं फिकट, आणि शेजारचं कुसळी गवत कमरेला लागलेलं. मग युरियाची एक गोणी टाकली जाते आणि उरलंसुरलं स्टायलोही गवताखाली गडप होतं.

बिघाड जवळजवळ नेहमी जमिनीखाली असतो. हलक्या जमिनीत शेंगवर्गीय चाऱ्याचं मूळ काय घेतं, कसं घेतं आणि कुठे अडतं हे एकदा कळलं की खर्चही कमी होतो. खालच्या पायऱ्या दख्खनच्या मुरमाड माळासाठी आणि कोकणातल्या जांभ्या जमिनीसाठी आहेत. दोन्हीकडे जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

१. मूळ जेवतं कसं

मूळ माती खात नाही. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यात विरघळलेलं तेवढंच ते घेतं. नायट्रेट, गंधक, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे पाण्याबरोबर वाहत येतात. झाडानं पाणी ओढलं की ते आपोआप मुळाशी पोचतात.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) तसं नाही. ते मातीला घट्ट चिकटतं. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्याला धरून ठेवतो, जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम. जे थोडंफार सुटं असतं तेही जागचं फारसं हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचं स्फुरद काही दिवसांत संपवतं आणि त्याच्याभोवती एक-दोन मिलिमीटरचं रिकामं कडं तयार होतं. कड्यापलीकडे स्फुरद असतं, पण ते मुळाकडे येत नाही. मुळालाच तिथवर जावं लागतं.

जायचे मार्ग तीन. पहिला मुळांवरच्या बारीक केसांचा. शेंगवर्गीयांची मुळं गवतापेक्षा जाड आणि विरळ असल्यानं इथे त्यांची बाजू लंगडी. दुसरा मायकोरायझा, म्हणजे मुळात राहणाऱ्या बुरशीचा. तिचे धागे मुळावरच्या केसांहूनही बारीक असतात आणि रिकाम्या कड्याबाहेर काही सेंटिमीटरपर्यंत पसरून स्फुरद, जस्त वगैरे आणून देतात. बदल्यात झाडाकडून साखर घेतात. स्टायलोचा मुख्य भरवसा या बुरशीवर आहे. तिसरा मार्ग आम्लांचा. हवेतल्या नत्रावर (नायट्रोजनवर) जगणारं शेंगवर्गीय झाड मुळाभोवतीची माती किंचित आम्ल करतं, त्यामुळे चुन्यानं धरलेलं स्फुरद थोडं सुटतं. आपली तूर यात वस्ताद आहे. तिच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरतं आणि लोहानं बांधलेलं स्फुरद मोकळं होतं, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं. पण तुरीला जमतं ते प्रत्येक शेंगवर्गीयाला जमेलच असं धरू नका.

नत्र राहिलं. ते मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतून बांधतात. त्यासाठी मात्र गाठीला स्फुरद, गंधक, लोह आणि अगदी चिमूटभर मॉलिब्डेनम लागतं. म्हणून पानावर नत्राची भूक दिसली तरी दुखणं बऱ्याचदा स्फुरदाचं असतं.

आणखी एक अडचण, जी पत्रकांत सहसा सापडत नाही. माळावर जेवण वर असतं आणि पाणी खाली. स्फुरद वरच्या ८-१० सेंटिमीटरच्या मातीत, ओल मात्र मुरमाच्या भेगांत. पावसानं ओढ दिली की वरची माती सुकते आणि तिथलं स्फुरद असूनही मिळत नाही. सोटमूळ खालून पाणी पुरवतं, रोप जगतं, पण वाढत नाही. म्हणून पहिल्या ४०-४५ दिवसांत मुळाला जे मिळालं त्यावरच पुढचा हंगाम ठरतो.

२. हाताशी काय हवं

- कुदळ, खुरपं, घमेलं, प्लास्टिकची बादली (सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर नमुना लोखंडी घमेल्यात गोळा करू नका)
- धारदार ब्लेड, जमलं तर साधं भिंग
- ग्रॅममध्ये मोजणारा काटा
- माती नमुन्यासोबतच्या चिठ्ठीसाठी नाव, गाव, गट नंबर, जिरायत की बागायत, आणि कोणतं पीक घेणार
- जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि चराईबंदीबद्दल गावाची संमती. हे आधी. कुंपण नसलेल्या माळावर पहिल्या वर्षी जनावरं शिरली तर पुढचं सगळं वाया.

३. माती तपासा, पण अहवाल नीट वाचा

मे महिन्यात १०-१५ ठिकाणांहून नागमोडी फिरत नमुने घ्या. इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, एका कडेची दोन बोटं जाडीची माती. झाडाखालची, बांधाजवळची, गुरं बसायच्या जागेची माती घेऊ नका, शेणामुताच्या एका जागेनं अख्खा अहवाल फसतो. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा आणि सावलीत वाळवा. माळावर वरचा उतार आणि खालची सपाटी यांचे नमुने वेगळे हवेत.

अहवालात पाहायचं ते असं. सामू (आम्लता दाखवणारा पीएच) ६.५ च्या खाली की ७.५ च्या वर, यावरून पुढचे बरेच निर्णय होतात. सेंद्रिय कर्ब माळावर बहुधा अर्ध्या टक्क्याच्या खालीच निघतो, त्यानं खचू नका. गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) खाली, जस्त ०.६ च्या खाली, लोह ४.५ च्या खाली असेल तर ती कमतरता समजा.

स्फुरदाच्या आकड्यात दोन सापळे आहेत. पहिला पद्धतीचा. चुनखडीच्या आणि उदासीन जमिनीला ओल्सेन पद्धत चालते, कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीला ब्रे पद्धत. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. दुसरा सापळा: अहवालातला आकडा शुद्ध स्फुरदाचा आहे की खताच्या गोणीवर असतो तसा पी-टू-ओ-फाइव्ह रूपातला? दोन्हींत २.२९ पटीचा फरक आहे. ओल्सेन पद्धतीनं हेक्टरी १० किलोच्या खाली शुद्ध स्फुरद म्हणजे कमी. तोच आकडा दुसऱ्या रूपात २३ होतो आणि कागदावर जमीन उगाच श्रीमंत दिसते. प्रयोगशाळेत विचारून घ्या.

मुक्त चुना घरीही चाचपता येतो. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुना भरपूर.

४. जमिनीला मानवेल तेच बी घ्या

पिशवीवर नुसतं 'स्टायलो' लिहिलेलं असतं. कोणतं, ते विचारा.

स्टायलो स्काब्रा झुडपासारखं उभं, चिवट, सोटमूळ खोल. मुरूम, जांभा, आम्ल जमीन याला मानवते. स्टायलो हमाटा बुटकं, लवकर फुलणारं, दरवर्षी गळलेल्या बियांतून पुन्हा उगवणारं, चराईच्या कुरणाला सोयीचं. चवळी आणि भुईमुगाच्या गाठींत राहणाऱ्या जिवाणूंशी या दोघांचं जमतं. ते जिवाणू आपल्या बहुतेक जमिनींत आधीच असतात.

सिब्राना जातीचं स्टायलो भारी आणि चुनखडीच्या जमिनीला चांगलं, पण त्याला त्याचाच जिवाणू लागतो. दशरथ गवताचंही तेच. नावात गवत असलं तरी ते शेंगवर्गीय आहे, भारी काळ्या आणि विम्लधर्मी (अल्कधर्मी) जमिनीत उत्तम वाढतं, मात्र चवळीच्या संवर्धकानं (बियाण्याला लावायच्या जिवाणूंच्या पाकिटानं) त्याला गाठी येत नाहीत. बियाणं विकणाऱ्याकडे त्या पिकाचं संवर्धक नसेल तर नवख्यानं स्काब्रा किंवा हमाटापासूनच सुरुवात करावी.

करप्याबद्दलही विचारून घ्या. उत्तर ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात टाउन्सव्हिल स्टायलो या एकाच जातीची विस्तीर्ण कुरणं करपा रोगानं बसली. दोन जाती मिसळून पेरणं हा त्यावरचा स्वस्त विमा आहे.

५. बियाण्याची तयारी

स्टायलोचं बी कठीण कवचाचं. तसंच पेरलं तर निम्म्याहून जास्त बी पहिल्या पावसात नुसतं पडून राहू शकतं. गरम पाण्याची प्रक्रिया अशी:

तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पाणी मिसळलं की साधारण ८० अंश होतं. बियाण्याच्या किमान पाचपट पाणी घ्या, नाहीतर बी टाकताच ते निवतं. बी सैल कापडी पिशवीत बांधून ४ मिनिटं बुडवा, काढून लगेच गार पाण्यात टाका, रात्रभर भिजू द्या, सकाळी सावलीत सुकवा. उकळत्या पाण्यात थेट टाकू नका, कोंब मरतो. आधी १०० दाण्यांवर करून ओल्या फडक्यात उगवण बघा.

सगळ्या बियांवर प्रक्रिया करू नका. पाचवा हिस्सा तसाच ठेवून पेरताना मिसळा. पहिल्या पावसानंतर तीन आठवडे उघडीप पडली आणि उगवलेलं जळालं, तर हे कठीण बी मागून उगवतं.

जिवाणू संवर्धक पेरणीच्या दिवशीच लावा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट असं प्रमाण छापलेलं असतं. पण स्टायलोचं बी बारीक, हजार दाणे मिळून दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच वजनात चिकटायला पृष्ठभाग कितीतरी जास्त. ४ किलोला अख्खं पाकीट वापरलं तरी बिघडत नाही. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून *पूर्ण थंड* करा, त्यातलं बियाणं ओलसर होण्यापुरतंच घ्या, संवर्धक मिसळा, सावलीत तासभर सुकवा. गरम गुळपाण्यात जिवाणू मरतात. उन्हात ठेवलेलं पाकीटही मेलेलंच समजा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, संवर्धक सगळ्यात शेवटी.

सामू ६ च्या खाली असेल तर संवर्धक लावल्यावर बियांवर बारीक चुनखडीच्या भुकटीचा हात फिरवा. कळीचा चुना नको, तो जिवाणूंना भाजतो.

६. पेरणी आणि खत: जागा चुकली की पैसे गेले

अख्खा माळ नांगरू नका. जुन्या पवना, मारवेल, डोंगरी गवताच्या मुळांत मायकोरायझाचं जाळं आयतं पसरलेलं असतं, नांगरटीनं ते तुटतं. त्याऐवजी ४५ ते ६० सेंटिमीटर अंतरावर नुसत्या ओळी उघडा, मधलं गवत कापून बुटकं ठेवा. नव्या रोपाची मुळं त्या जाळ्याला जाऊन मिळतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून बरीच वर्षं उघड्या पडलेल्या किंवा वरची माती खरवडून नेलेल्या जागी ती नसल्यातच जमा असते. अशा जागी जवळच्या चांगल्या गवताच्या बुडख्यातली, मुळांसकट माती आणून ओळीत टाका. ती विकतच्या पाकिटाइतकीच कामाची असू शकते.

खत म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट, एकरी २ ते ३ गोण्या (५० किलोच्या). एका गोणीत ८ किलो पी-टू-ओ-फाइव्ह, साडेपाच किलोच्या आसपास गंधक, वर कॅल्शियम. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घेऊ नका. त्यात गंधक नाही आणि नत्रावर गवत पोसतं. खत ओळीत, बियाण्याच्या बाजूला आणि ४-५ सेंटिमीटर खाली पडलं पाहिजे. कारण वर सांगितलंच, स्फुरद चालून येत नाही. चुनखडीच्या जमिनीत फेकून दिलं तर कॅल्शियम ते लगेच धरतो. ओळीत एकवटून दिलं तर मातीशी गाठ कमी पडते.

कोकणात निम्मं स्फुरद रॉक फॉस्फेटमधून दिलं तरी चालतं, आम्ल मातीत ते हळूहळू विरघळतं. देशावर सामू ७.५ च्या वर असताना रॉक फॉस्फेट म्हणजे शेतात दगड पेरणं. दरवर्षी कुणीतरी स्वस्त म्हणून घेतंच.

जास्त दिलं तर? एकरी पाच-सहा गोण्या टाकल्या की झाड बुरशीला पोसणं कमी करतं, गवत माजतं आणि जस्ताची कमतरता डोकं वर काढते.

मॉलिब्डेनम फक्त आम्ल जमिनीत आणि तेही चिमूटभर. ऑस्ट्रेलियात १९४२ मध्ये ए. जे. अँडरसन यांनी दाखवून दिलं की दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या काही जमिनींत क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याची कुरणं एवढ्याशा मॉलिब्डेनमपायी अडून बसली होती. एकरी १०० ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट सुपर फॉस्फेटमध्ये नीट मिसळून एकदाच द्या, काही वर्षं पुरतं. पुन्हा पुन्हा दिलं तर चाऱ्यात ते साठतं आणि जनावरांना तांब्याची कमतरता होते. सामू ७ च्या वर असेल तर हा विषयच सोडून द्या.

बी एकरी ४ किलो, गवतात मिसळून असेल तर २ किलो. बारीक वाळूत मिसळून पेरा, खोली एक सेंटिमीटरच्या आत. तिफणीनं खोल गेलेलं बी वर येत नाही. झाकायला बाभळीचा काटेरी फाटा ओढला तरी पुरे. वेळ पाऊस स्थिरावल्यावरची, जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा.

७. चार पट्टे राखा

खत देण्याआधी कोपऱ्यात ५ × २ मीटरचे चार पट्टे आखा. एकात काहीच नको. दुसऱ्यात ३०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, तिसऱ्यात २०० ग्रॅम जिप्सम (यात गंधक असतं, स्फुरद नाही), चौथ्यात उगवणीनंतर महिन्यानं ४० ग्रॅम युरिया. खुंट्या ठोका, कागदावर लिहून ठेवा. पावसाळ्यात खुंट्या हमखास हरवतात.

युरियाचाच पट्टा १०-१२ दिवसांत गर्द झाला आणि बाकीचे फिकट राहिले, तर गाठी काम करत नाहीत. सुपर आणि जिप्सम दोन्ही पट्टे सुधारले तर कमतरता गंधकाची. फक्त सुपरचा सुधारला तर स्फुरदाची. कुठेच फरक नाही, तर अडचण पाण्याची, सावलीची किंवा एखाद्या सूक्ष्म अन्नद्रव्याची.

८. दीड महिन्यानं मूळ उकरून पाहा

हे टाळू नका. सगळं निदान इथेच होतं.

वाफसा असताना बघा. रोप उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात. रोपाभोवती वीतभर अंतरावर कुदळीनं कापून २० सेंटिमीटर खोल मातीचा ठोकळा उचला, बादलीत तासभर भिजवा, हलवत हलवत माती सोडवा. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली पाच-सहा रोपं घ्या.

स्टायलोच्या गाठी बारीक असतात. सोयाबीनसारख्या टपोऱ्या शोधाल तर 'गाठीच नाहीत' असं वाटेल. जिवाणू आत शिरतो तो आडमुळं फुटताना पडलेल्या फटीतून, भुईमुगात शिरतो तसाच. त्यामुळे गाठी आडमुळांच्या बेचक्यात सापडतात. दहा गाठी ब्लेडनं कापा.

आतून गुलाबी ते लाल म्हणजे नत्राचं काम चालू आहे. दहातल्या सहा-सात गुलाबी असतील तर युरियाचा विचारही नको. हिरवट किंवा करड्या गाठी म्हणजे काम थांबलेल्या. फुलोऱ्यानंतर किंवा मोठ्या उघडिपीनंतर हे साहजिक आहे, ऑगस्टमध्ये नाही. खूप गाठी पण सगळ्या बारीक, पांढरट असतील तर जिवाणू कुचकामी किंवा, आम्ल जमिनीत, मॉलिब्डेनम कमी. गाठी मोजक्याच आणि मूळही खुरटं असेल तर स्फुरद कमी. गाठी अजिबात नाहीत, मूळ मात्र छान पसरलेलं, तर संवर्धक मेलेलं होतं किंवा जात आणि जिवाणू जुळले नाहीत. यावर उपाय त्याच हंगामात आहे: गुळपाण्याऐवजी साध्या पाण्यात संवर्धक कालवून पावसाळी दिवशी, संध्याकाळी, ओळीतल्या मुळांशी ओता.

सोटमूळ आडवं वळलंय का तेही बघा. मुरमाच्या वर कडक थर असला की ते काटकोनात वळतं. अशा जागी खत वाढवून उपयोग नाही, पहारीनं किंवा खोल चरानं थर फोडावा लागतो.

पानांची साक्ष मुळांशी ताडून घ्या. जुनी पानं आधी फिकट झाली तर नत्र कमी, कोवळी पानं सरसकट फिकट तर गंधक. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या तर लोह. चुनखडीच्या जमिनीत, पाणी साचल्यावर हे हटकून दिसतं. जमिनीत लोह असतं, पण चुना ते मुळाला घेऊ देत नाही. निचरा करा आणि अर्धा टक्का हिराकसाची (फेरस सल्फेटची) फवारणी द्या. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश (पोटॅश) कमी. स्फुरदाच्या कमतरतेत मात्र पिवळेपणा नसतो. रोप बुटकं, पान लहान आणि मळकट गर्द हिरवं. नवखा माणूस तेच निरोगी समजतो.

९. गवत आणि गुरं

गवताची तंतुमुळं पालाश आणि नत्र शेंगवर्गीयापेक्षा झपाट्यानं उचलतात. त्यामुळे मिश्र कुरणात पालाश कमी पडला की आधी स्टायलो मरतं, गवत नाही. पहिल्या वर्षी गवत स्टायलोच्या डोक्यावर जाऊ लागलं की वरच्यावर कापत राहा. स्टायलोची पहिली कापणी फुलोऱ्याला, पेरणीपासून अडीच महिन्यांच्या आसपास. बुडखे १०-१५ सेंटिमीटर राखा. बी गळेपर्यंत चराई बंद.

स्टायलोतलं नत्र गवताला लगेच मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. मूळ जिवंत असताना फारसं बाहेर देत नाही. पानगळ, मेलेली मुळं आणि शेणमूत यांतूनच ते फिरतं, आणि त्याला एक-दोन वर्षं लागतात.

चारा कापून बाहेर नेत असाल तर हिशेब ठेवा. एक टन वाळलेल्या स्टायलोबरोबर साधारण अर्ध्या गोणी सुपर फॉस्फेटइतकं स्फुरद आणि १० ते १५ किलो पालाश शेताबाहेर जातं. दुसऱ्या वर्षापासून तेवढं, पहिल्या पावसाच्या तोंडावर, ओळींवर परत टाका. पालाशासाठी शेणखत किंवा चुलीची राख चालते. चुनखडीच्या जमिनीत मात्र राख नको, ती सामू आणखी चढवते.

शेवटचा सापळा गुरांचा. स्टायलो इतक्या कमी स्फुरदात तगतं की कुरण हिरवंगार दिसत असतानाही चाऱ्यात जनावराच्या गरजेपुरतं स्फुरद नसतं. गाई हाडं, चिंध्या, माती चघळू लागल्या, गाभण राहायला वेळ लावू लागल्या, तर गव्हाणीत क्षार मिश्रण ठेवा, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या जूनमध्ये त्या तुकड्याला सुपर फॉस्फेटची एक गोणी वाढवा.